बासुंदीवर खापर फोडण्याआधी

लग्नाहून परतलेल्या मंडळींना उलट्या-जुलाब सुरू झाले की आपल्याकडे निकाल लगेच लागतो. बासुंदी बाधली. पनीर शिळं असणार. वर्तमानपत्रात 'जेवणातून विषबाधा' अशी बातमी येते, काहींना सलाइन लागतं, दोन-तीन दिवसांत बहुतेक जण उठून कामाला लागतात आणि प्रकरण मिटतं. बासुंदी कधी खरोखरच दोषी असते. पण ती निर्दोष असेल तर तसं सिद्ध करण्याची आणि खरा दोषी, उदाहरणार्थ उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस हा विषाणू, त्याच्या जनुकीय मजकुरावरून शोधण्याची रीत आज उपलब्ध आहे. ती आपण वापरावी, असं मला मनापासून वाटतं.

ऑक्टोबर २०१०. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या १३-१४ वर्षांच्या मुलींचा फुटबॉल संघ सामन्यांसाठी शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात गेला होता. एका मुलीला रात्री उलट्या सुरू झाल्या. सोबत आलेल्या बाईंच्या खोलीत तिला हलवलं आणि तिथल्या बाथरूममध्ये तिला सारखं जावं लागलं. त्याच बाथरूममध्ये खाऊची पिशवी ठेवलेली होती : बिस्किटं, चिप्स, द्राक्षं. आजारी मुलीने पिशवीला हातही लावला नव्हता. ती घरी गेल्यावर बाकीच्यांनी तो खाऊ वाटून खाल्ला आणि एकेक जण आजारी पडू लागला. या उद्रेकात संघातले ९ जण सापडले. कुणी काय खाल्लं, कुणी कशाला हात लावला, हे तपास करणाऱ्यांनी प्रत्येकीला विचारलं आणि माग त्या पिशवीपाशी येऊन थांबला. दोन आठवड्यांनी पिशवी तपासली, तेव्हाही तिच्यावर रुग्णांतल्याच गटाच्या नोरोव्हायरसची खूण मिळाली. उलटी-जुलाबाचे सूक्ष्म तुषार हवेतून पिशवीवर जाऊन बसले असणार. बिस्किटांचा काही दोष नव्हता.

हा विषाणू इतका पसरतो, कारण त्याला फार थोडं पुरतं. एका अभ्यासाच्या अंदाजानुसार अवघ्या १८ कणांनीही संसर्ग होऊ शकतो, आणि रुग्णाच्या एक ग्रॅम विष्ठेत हे कण अब्जावधी असू शकतात. हाताला चोळायच्या सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही; साबण आणि वाहतं पाणीच लागतं. शिवाय लागण झाल्यापासून त्रास सुरू व्हायला १२ ते ४८ तास जातात. म्हणजे आज दुपारी पोटात ढवळलं तर आज सकाळचे पोहे बहुधा निरपराध असतात.

आता त्याची ओळख कशी पटवायची? नोरोव्हायरसचा जनुकीय मजकूर आरएनएच्या साधारण ७,५०० अक्षरांचा असतो. त्याची नक्कल करणारं विकर (एन्झाइम) चुका तपासत नाही. मुद्रितशोधक नसलेल्या छापखान्यातून प्रती बाहेर पडाव्यात, तसं हे चालतं. प्रतींची प्रत निघत जाते आणि चुका पुढे वाहत जातात. या चुकाच तपासाला उपयोगी पडतात. दोन रुग्णांतल्या विषाणूंच्या चुका सारख्या असतील तर त्यांचा उगम एक असण्याची शक्यता वाढते. मजकूर बराच वेगळा असेल तर साखळीच वेगळी.

प्रयोगशाळा बहुधा सगळा मजकूर वाचत नाहीत. नक्कल करणाऱ्या विकराचं जनुक जिथे संपतं आणि बाहेरच्या कवचाचं जनुक सुरू होतं, तो सांधा वाचतात. त्याला कारण आहे. एकाच माणसाच्या आतड्यात दोन प्रकारचे नोरोव्हायरस एकत्र आले, तर नेमकं याच सांध्यावर त्यांचं तुटून जुळतं आणि धड एकाचं, डोकं दुसऱ्याचं असा नवा विषाणू तयार होतो. म्हणून दोन्ही बाजू वाचून विषाणूला जोडनाव द्यावं लागतं. अर्थात एखादा प्रकार सगळीकडेच पसरलेला असेल, तर या छोट्या तुकड्याचं साम्य पुरावा म्हणून लंगडं पडतं. तिथे पूर्ण मजकूर वाचायला हवा.

सप्टेंबर २०१२ मध्ये पूर्व जर्मनीत जवळपास ११,००० जण आजारी पडले, त्यात बहुतेक शाळा आणि पाळणाघरांतली मुलं. माग लागला तो चीनहून आलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरींचा. रुग्णांमध्ये नोरोव्हायरसचा एकच प्रकार नव्हता, अनेक होते. एखाद्या आजारी स्वयंपाक्याच्या हातून संसर्ग झाला असता तर बहुधा एकच प्रकार दिसला असता. अनेक प्रकार एकत्र दिसले की संशय सांडपाण्याकडे वळतो, कारण गावभरच्या पोटातले विषाणू तिथेच एकत्र येतात. समुद्राचं पाणी गाळून खाणाऱ्या कालवांमधून होणाऱ्या उद्रेकांतही हेच चित्र दिसतं.

मोठ्या पटावर पाहिलं तर जी-टू-फोर या प्रकाराने १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जगावर राज्य केलं. दर दोन-चार वर्षांनी त्याच्या कवचाचा पृष्ठभाग बदलायचा, लोकांच्या शरीरातली जुनी प्रतिपिंडं त्याला नीट ओळखेनाशी व्हायची आणि नवी लाट यायची. २००२, २००४, २००६, २००९ आणि मग २०१२ चा 'सिडनी' नावाचा अवतार. त्यानंतर मात्र या सिडनीने कवच फारसं न बदलता दुसऱ्याच विषाणूचं विकर उचललं आणि तो टिकून राहिला. २०१४-१५ च्या हिवाळ्यात चीन आणि जपानमध्ये जी-टू-सेव्हन्टीन या वेगळ्या प्रकाराने अचानक डोकं वर काढलं. तो जगभर पसरेल असं वाटलं, पण तेव्हा तो मागे पडला. २०२४-२५ च्या हंगामात अमेरिकेत प्रकार तपासलेल्या उद्रेकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश त्याचे निघाले. तिथे २००९ पासून 'कॅलिसीनेट' हे प्रयोगशाळांचं जाळं असे नमुने सातत्याने वाचत आलं आहे, म्हणूनच हा बदल वेळेवर दिसला. लस बनवणाऱ्यांना ही माहिती हवीच, कारण उद्या कोणता प्रकार माजेल यावर लशीत काय घालायचं ते ठरतं.

आपल्याकडे ज्ञान नाही असं मुळीच नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत अतिसाराच्या विषाणूंवर वर्षानुवर्षं काम चाललं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केरळच्या वायनाडमधल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे १३ विद्यार्थी आजारी पडले, तेव्हा याच संस्थेच्या अळप्पुळा केंद्रात नमुने पाठवले गेले आणि नोरोव्हायरसचं निदान झालं. तिथे नमुने वेळेवर गेले, ही मोलाची गोष्ट. जिवाणू शोधण्याच्या नेहमीच्या ताटलीत नोरोव्हायरस उगवत नाही; त्यासाठी पीसीआर लागते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतलेला रुग्णाच्या शौचाचा नमुना लागतो. उरलेली बासुंदी तपासायला पाठवून हे काम भागत नाही. खरं तर जेवणारे, वाढपी आणि आचारी, तिघांचेही नमुने घ्यायला हवेत. संकोच वाटणारं काम आहे, पण दोन डब्या आणि थोडा बर्फ एवढीच त्याची सामग्री.

अमेरिकेतल्या ओहायोमधल्या नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ साली विद्यार्थी आणि शिक्षक मिळून निम्मी शाळा दोन दिवसांत आजारी पडली. कारण सापडलं नाही, पण नमुना कुणी फेकला नाही. त्यापासून स्वयंसेवकांना संसर्ग करून मिळवलेल्या शौचाच्या गाळलेल्या द्रावात १९७२ मध्ये शास्त्रज्ञ अल्बर्ट कपिकियन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नोरोव्हायरसचे २७ नॅनोमीटरचे कण दिसले. १९९० मध्ये ह्यूस्टनच्या शास्त्रज्ञांनी असाच एका स्वयंसेवकाचा नमुना घेऊन त्या विषाणूचा जनुकीय मजकूर हाती घेतला. नॉरवॉकची ती मुलं तोवर तिशीत पोहोचली होती.