गाडीची शेड, कामाचं टेबल आणि एलईडीचा हिशोब

पुण्यात ज्यांचे अजून बंगले शाबूत आहेत, सहकारनगर, कोथरूड, औंध असल्या भागात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे मागच्या बाजूला एक पत्र्याची शेड असते. तिच्यात एक रोजची गाडी, एक आकुर्डीत जन्मलेली पण आता धूळ खात पडलेली चेतक, आणि भिंतीला लागून एक टेबल, त्याच्यावर व्हाइस, ग्राइंडर, ड्रिल मशीन आणि डब्यांमधून सांडलेले नटबोल्ट. या सगळ्याला उजेड किती, तर मधोमध एक ट्यूब. आता ट्यूब जाऊन एलईडी बॅटन आली, पण जागा तीच, कधीकाळी वायरमनने पॉइंट काढून ठेवला होता तिथेच. मग लोक म्हणतात एलईडीचा उजेडच पडत नाही. पडतो हो, फक्त तुम्हाला पाहिजे तिथे पडत नाही.

आधी मोजायचं काय ते बघू. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो, त्याच्यावरून उजेड कळत नाही. दिव्यातून एकूण प्रकाश किती बाहेर पडला ते ल्युमेनमध्ये मोजतात, आणि त्यातला तुमच्या टेबलावर किती पोचला ते लक्समध्ये. नळातून पाणी किती सुटलं आणि तुमच्या बादलीत किती पडलं, तसं. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. खोक्यावर ल्युमेन छापलेले असतात, लक्स छापताच येत नाहीत कारण ते तुमची शेड, तुमच्या भिंती आणि दिव्याची उंची ठरवणार.

किती लक्स पाहिजेत याला आपल्याकडे आयएस ३६४६ हे मानक आहे. त्यात बेंचवरच्या आणि मशीनवरच्या भरड कामाला साधारण ३०० लक्स, मध्यम कामाला ५०० आणि बारीक कामाला ७५० असे आकडे धरलेत. गाडी नुसती लावायला-काढायला ७५ ते १०० खूप झाले. घरातल्या हॉलमध्ये रात्री बहुतेक वेळा १००-१५० च असतात, आणि दुपारी बाहेर अंगणात उन्हात लाखाच्या घरात जातात, तरी डोळा दोन्हीकडे निभावून नेतो कारण तो उजेड दुप्पट झाला तरी दुप्पट मानत नाही, थोडासाच वाढला असं समजतो. म्हणूनच नुसत्या अंदाजाने लाइट लावले की फसायला होतं. शिवाय वय. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या मानाने साधारण तिसरा हिस्साच प्रकाश पोचतो, बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट होतं म्हणून. रिटायर झाल्यावर चेतक उघडायला घेणाऱ्यांनी वरचा आकडाच धरावा.

आता हिशोब. समजा शेड २० बाय १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट, म्हणजे जवळपास २८ चौरस मीटर. अर्ध्यात गाडी, अर्ध्यात काम. कामाच्या १४ चौरस मीटरला ५०० लक्स म्हणजे ७,००० ल्युमेन खाली पोचले पाहिजेत. पण सगळे पोचत नाहीत, काही भिंती आणि पत्रा खातो, तो हिस्सा ०.६ धरा, आणि धूळ बसून, दिवा जुना होऊन जे कमी होणार त्याला ०.८. ७,००० ला ०.४८ ने भागलं की १४,६०० च्या आसपास येतं. बाजारात २० वॅटची चार फुटी बॅटन साधारण २,००० ल्युमेन देते, म्हणजे सात बॅटन, आणि गाडीच्या बाजूला १०० लक्सनी दोन. एकूण नऊ, १८० वॅट. ऐकायला नऊ जास्त वाटतात पण पूर्वीच्या ४० वॅटच्या दोन ट्यूब त्यांच्या चोकसकट जेवढी वीज खायच्या त्याच्या दुपटीच्या आतच आपण आहोत. आणि हो, तो ०.६ चा आकडा दगडावरची रेघ नाही. नुसत्या सिमेंटच्या गिलाव्याची भिंत पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग परत पाठवते, पांढरा रंग दिलेली ७०-८० टक्के. दोन बॅटन जास्त घेण्याआधी एक डिस्टेंपरचा डबा घ्या, स्वस्तात पडेल.

आता लावायचे कुठे, हा खरा मुद्दा. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून जशाच्या तशा ओळी मारू नका, परदेशातल्या गॅरेजचे दरवाजे वर सरकून छताला समांतर आडवे पडतात आणि खालून लाइट झाकतात, आपलं रोलिंग शटर दारावरच गुंडाळलं जातं त्यामुळे छत मोकळं मिळतं, हा आपला फायदा. मात्र गाडीच्या टपाच्या बरोबर वर बॅटन लावणं म्हणजे टपाला उजेड देणं. आपण काम करतो दरवाज्याशी, चाकाशी, बॉनेटखाली, आणि बॉनेट उघडलं की ते मागून येणारा सगळा प्रकाश अडवतं. तेव्हा गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूला, गाडी आणि भिंत यांच्या मधल्या पट्ट्यावर, एकेक बॅटन गाडीला समांतर लावा. बॉनेटच्या पुढे लागणारी आडवी बॅटन कामाच्या सातातली एक घ्या.

याचा एक जादा फायदा डेंटिंगवाल्यांना पक्का माहीत असतो. बॅटनच्या लांब सरळ रेषेचं प्रतिबिंब दरवाज्याच्या पत्र्यावर बघा, पत्रा सपाट असेल तर रेषा सरळ, आणि जिथे बारीकसा पोचा असेल तिथे ती रेषा लचकते. पत्र्याचा उतार जितका अंश बदलतो त्याच्या दुप्पट अंशाने परावर्तित किरण वळतो, म्हणून हाताला न लागणारा डेंट डोळ्याला दिसतो. गोल बल्बने हे जमत नाही. उलट रंगावरचे जाळीसारखे बारीक ओरखडे शोधायचे तर बारीक, तीव्र एकच दिवा लागतो, टॉर्च सगळ्यात बरा.

टेबलाचंही तसंच. दिवा पाठीमागे असेल तर तुमचीच सावली कामावर पडते, म्हणून बॅटन टेबलाच्या पुढच्या कडेच्या वर किंवा किंचित भिंतीकडे सरकवून लावा, शिवाय हलवता येईल असा एक छोटा दिवा उजव्या हाताने काम करणाऱ्याने डाव्या बाजूला ठेवा. छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, तेव्हा सगळी शेड ७५० लक्सने भरण्यापेक्षा हा एक दिवा जवळ ओढणं कितीतरी शहाणपणाचं.

रंगाची भानगड समजायला एलईडीच्या आत डोकवावं लागतं. लाल एलईडी १९६२ मध्येच निक होलोन्याकने करून दाखवला होता, पण पांढरा प्रकाश मिळेना कारण चांगला निळा बनत नव्हता. तो आला १९९३ मध्ये, जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुराच्या हातून, आणि त्याला, निळ्या एलईडीवरच काम केलेल्या आकासाकीला आणि अमानोला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपली पांढरी बॅटन म्हणजे आत निळाच चिप आणि त्याच्यावर पिवळ्या प्रकाशाने चमकणाऱ्या पावडरीचा थर, निळा अधिक पिवळा डोळ्याला पांढरा दिसतो. यात गडद लाल कमी पडतो. खोक्यावरचा सीआरआय ८०, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा गुण, हा आठ फिकट रंगांचा सरासरी आकडा आहे, गडद लाल त्यात धरतच नाहीत, तो वेगळा आर९ म्हणून मोजतात. म्हणून स्वस्त दिव्याखाली लाल आणि तपकिरी वायर सारख्या वाटायला लागतात, आणि टच-अपचा रंग रात्री जुळतो आणि सकाळी उन्हात वेगळाच दिसतो. सीआरआय ९० मिळाला तर टेबलावर तोच घ्या. प्रकाशाची छटा ४००० केल्विनची थोडी पिवळसर की ६५०० ची निळसर, यावर भांडणारे भांडोत, मला ४००० बरा वाटतो, रात्री उशिरा डोळ्याला टोचत नाही.

आता मशीनवाल्यांनी नीट वाचा. आपली वीज ५० हर्ट्झची, एका आवर्तनात दोनदा वर जाऊन खाली येते, म्हणजे दिव्याला सेकंदाला १०० वेळा लुकलुक. जुन्या ट्यूबच्या आतली पावडर क्षणभर चमकत राहायची, त्यामुळे खड्डे थोडे भरून निघायचे. एलईडीला तेवढी आठवण नसते, करंट जसा तसा प्रकाश. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, चढउतार भरून काढणारा कपॅसिटर चांगला असेल तर करंट सपाट होतो, पण स्वस्तात, विशेषतः दुरुस्तीवाले ज्याला डीओबी (ड्रायव्हर ऑन बोर्ड, एलईडीच्या पट्टीवरच ड्रायव्हर) म्हणतात त्या प्रकारात, अनेकदा तिथेच पैसे वाचवलेले असतात. आता लेथचा चार जॉचा चक, म्हणजे चार जबड्यांनी काम धरून फिरणारी पकड, १५०० आरपीएमने फिरतोय असं धरा. सेकंदाला २५ फेरे, म्हणजे दोन झळकींच्या मध्ये बरोबर पाव फेरा, प्रत्येक झळकीला एक जॉ आधीच्या जॉच्या जागी येऊन उभा. डोळ्याला चक थांबल्यासारखा दिसतो. तीन जॉच्या चकला हेच २००० आरपीएमला होतं. मोटरच्या आवाजात दुसरं मशीन चालू असलं तर कानही साथ देत नाहीत, आणि हात पुढे जातो.

तपासायला मीटर नको. विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत दुकानदाराला बॅटन लावून दाखवायला सांगा आणि तिच्याखाली स्क्रू ड्रायव्हर वेगाने डावीकडे-उजवीकडे हलवा, सलग धूसर पट्टा दिसला तर चांगली, सुट्या सुट्या दांड्या दिसल्या तर ठेवा परत. मोबाइलच्या स्लो-मोशन व्हिडिओतही लाटा दिसतात.

उष्णतेचं थोडक्यात. एलईडी जेवढी वीज घेतो त्यातली निम्म्याहून जास्त उष्णताच होते आणि ती मागच्या ॲल्युमिनियममधून बाहेर पडावी लागते. ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, आणि मे महिन्यात आपला पत्रा किती तापतो ते सांगायला नको. तेव्हा बॅटन पत्र्याला चिकटवू नका, साखळीने फूटभर खाली सोडा. ग्राइंडरजवळची आयपी६५, म्हणजे धूळ आत न जाणारी, घ्या, लोखंडाची भुकटी आत गेली की शॉर्ट.

वायरिंग करताना एकच हट्ट धरा, लाइटचा एमसीबी मशीनच्या एमसीबीपासून वेगळा. ग्राइंडरवर जादा भार येऊन एमसीबी ट्रिप झाला तरी चाक लगेच थांबत नाही, आणि नेमक्या त्या काही सेकंदांत अंधार झाला तर हात कुठे आहे ते चाकालाच कळणार. आणि टेबलावरची एक बॅटन घरातल्या इन्व्हर्टरवर घ्या, २० वॅटने त्याचं काही बिघडत नाही, गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट गेली तर निदान उघडलेला कार्ब्युरेटर परत जोडून ठेवता येतो.