प्रोस्टेट कर्करोगाचे ऊतक-बायोमार्कर

प्रोस्टेट (अष्ठीला) ग्रंथीतून सुईने काढलेल्या तुकड्यात कर्करोग आहे का आणि असल्यास तो किती आक्रमक आहे, हे ठरवायला पॅथॉलॉजिस्टला मदत करणारी प्रथिने व जनुकीय बदल म्हणजे ऊतक-बायोमार्कर. प्रोस्टेटमध्ये तयार होऊन रक्तात मोजले जाणारे प्रथिन, म्हणजे पीएसए, वेगळा. तो वाढला की संशय येतो. पण उतारवयातल्या साध्या प्रोस्टेटवाढीने किंवा जंतुसंसर्गानेही तो वाढतो. निदान तुकड्यावरच होते.

बायोप्सीत साधारण बारा बारीक तुकडे घेतात. ते १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवले की ‘ब्लॉक’ तयार होतो आणि त्याचे काही मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेतात. बहुतेक वेळा नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगातल्या स्लाइडवरच निदान स्पष्ट होते. अडचण येते ती संपूर्ण तुकड्यात संशयास्पद ग्रंथी चार-पाचच असतात तेव्हा. अशा वेळी ठरावीक प्रथिनांना प्रतिपिंडांच्या मदतीने रंग देणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे रिपोर्टावरची ‘आयएचसी’, करतात.

तिचा मुख्य आधार बेसल पेशी आहेत. निरोगी ग्रंथीच्या आतल्या थराबाहेर या पेशींचे अस्तर असते. कर्करोगाच्या ग्रंथींत ते नसते. पी६३ हे प्रथिन बेसल पेशींच्या केंद्रकात आणि हाय मॉलिक्युलर वेट सायटोकेरॅटिन त्यांच्या पेशीद्रवात रंग धरते. उलट एएमएसीआर हे चरबीच्या पचनाशी संबंधित विकर कर्करोगाच्या पेशींत सहसा ठळक दिसते. तिन्ही एकाच काचेवर लावता येतात: बेसल पेशी तपकिरी, एएमएसीआर लाल. लाल ग्रंथीभोवती तपकिरी कडे नसले, तर संशय बळावतो.

मात्र नुसत्या रंगावर निकाल देणे धोक्याचे आहे. एएमएसीआर कर्करोगपूर्व बदलांतही दिसते आणि काही कर्करोगांत फिके पडते. काही निरुपद्रवी ग्रंथींत बेसल थर तुटक असतो, त्यामुळे दोन-तीन ग्रंथींत तो न दिसणे हा पुरावा ठरत नाही. शेजारच्या निरोगी ग्रंथीने रंग धरला आहे ना, हे आधी पाहावेच लागते; तिनेही धरला नसेल तर चाचणीच फसलेली असते. इंट्राडक्टल कार्सिनोमात, म्हणजे ग्रंथीच्या नलिकांच्या आतच वाढणाऱ्या कर्करोगात, तर बेसल पेशी शाबूत असतात, तरीही आजार बहुधा आक्रमक असतो.

कर्करोग किती आक्रमक आहे हे सांगणारी श्रेणी मात्र आजही डोळ्यांनीच ठरते. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६०च्या दशकात मांडलेली पद्धत पेशीपेक्षा ग्रंथींची रचना पाहते. बायोप्सीत सर्वाधिक दिसणारा आणि सर्वांत वाईट, अशा दोन नमुन्यांचे अंक मिळवतात; अंक मोठा तितका नमुना वाईट. ३+४ आणि ४+३ दोन्हींची बेरीज ७, पण दुसऱ्यात वाईट नमुना जास्त. रुग्णाला रिपोर्टातला फक्त ‘सात’ सांगून चालत नाही, असे ठामपणे म्हणायला हवे. म्हणूनच २०१४ मध्ये १ ते ५ असे श्रेणीगट स्वीकारले गेले. त्यांत ३+४ गट २ मध्ये, तर ४+३ गट ३ मध्ये येतो.

आक्रमकतेचा अंदाज घ्यायला आणखी काही खुणा आहेत. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे पीटेन प्रथिन नाहीसे झाले असेल किंवा पेशींच्या वाढीचा वेग दाखवणारे केआय-६७ जास्त असेल, तर आजार पुढे सरकण्याची शक्यता वाढते. २००५ मध्ये मिशिगन विद्यापीठातील गटाने शोधलेला टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी या जनुकांचा जोड कर्करोगाची ओळख पटवायला उपयोगी असला, तरी श्रेणी ठरवायला फारसा कामाचा नाही. पसरलेल्या आजारात त्याच ब्लॉकमधून बीआरसीए२सारख्या जनुकांतले दोष तपासतात, कारण त्यांवर ओलापॅरिबसारखी औषधे चालतात.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या रुग्णांना हा ब्लॉक चांगलाच ओळखीचा होतो. बायोप्सी घराजवळच्या रुग्णालयात, आयएचसी दुसऱ्या लॅबमध्ये आणि पुढचे मत परळच्या टाटा रुग्णालयात किंवा टाटा स्मारक केंद्राच्याच खारघरमधील ॲक्ट्रेकमध्ये, असा प्रवास घडू शकतो. मत देणारे डॉक्टर नुसता रिपोर्ट नव्हे, स्लाइड आणि ब्लॉकही मागतात. नातेवाईक मग मेणाची ती छोटी चौकोनी ठोकळी पिशवीत घालून लोकलने निघतात. उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत ती ठेवू नये, मेण वितळू शकते. ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टातल्या क्रमांकाशी लॅबच्या खिडकीवरच जुळवून घ्यावा, आणि काम झाल्यावर ब्लॉक आठवणीने परत मागावा; काही वर्षांनी जनुकीय चाचणीची वेळ आली तर तोच लागतो.