ओटावाचा ट्यूलिप महोत्सव: एक बाळंतपण, एक युद्ध आणि एक फोटोग्राफर

मे महिन्याच्या मध्यावर ओटावातल्या डाउज लेकच्या काठी, कमिशनर्स पार्कमध्ये, पाय ठेवायला जागा नसते. कॅनडाच्या राजधानीत आणि आसपास मिळून दहा लाखांच्या घरात ट्यूलिप फुलतात. त्यातले सुमारे तीन लाख एकट्या या बागेत. भारतातून मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांचाही हाच मोसम, त्यामुळे गर्दीत अधूनमधून मराठी कानावर पडते. फोटो काढून झाले की पाहुण्यांना ठरलेली गोष्ट सांगितली जाते: युद्धात हॉलंडची राणी इथे लपली होती, तिला इथेच मुलगी झाली, म्हणून ती दरवर्षी फुलं पाठवायची.

गोष्ट गोड आहे, पण घाईत गुंडाळलेली आहे. आलेली बाई तेव्हा राणी नव्हती, राजकन्या होती. ती लपलेली नव्हती, राजरोस राहत होती. आणि महोत्सव तर तिने सुरूच केलेला नाही.

१० मे १९४० रोजी जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या हॉलंडमध्ये, घुसल्या. चार-पाच दिवसांत देश पडला. राणी विल्हेल्मिना आणि तिचं सरकार लंडनला गेलं. पण राणी आणि वारस दोघीही एकाच शहरात, तेही बॉम्बच्या छायेत, हे धोक्याचं होतं. म्हणून राणीची मुलगी आणि वारस युलियाना हिला बिआट्रिक्स आणि आयरीन या दोन लहान मुलींसह अटलांटिकपार धाडायचं ठरलं. नवरा, प्रिन्स बर्नहार्ड, इंग्लंडमध्येच राहिला. डच युद्धनौकेतून त्या तिघी जून १९४० मध्ये हॅलिफॅक्सला उतरल्या.

कॅनडाच का, याला नात्याचंही एक कारण होतं. त्याच महिन्यात कॅनडाचे गव्हर्नर जनरल म्हणून अर्ल ऑफ अॅथलोन रुजू झाले होते. त्यांची पत्नी प्रिन्सेस अॅलिस ही विल्हेल्मिनाची सख्खी मावसबहीण. म्हणजे युलियाना एका अर्थाने मावशीकडेच आली होती. पुढे ती रॉकक्लिफ भागातल्या स्टॉर्नोवे नावाच्या घरात राहिली. आज ते कॅनडाच्या विरोधी पक्षनेत्याचं सरकारी निवासस्थान आहे. थोरली बिआट्रिक्स, म्हणजे पुढची राणी, तिथल्याच सरकारी शाळेत जाऊ लागली.

१९४२ मध्ये युलियानाला पुन्हा दिवस गेले आणि कायद्याचा पेच उभा राहिला. तेव्हाच्या डच नियमांनुसार मुलगा झाला असता तर तो दोन्ही बहिणींना मागे टाकून गादीच्या रांगेत आईच्या लगेच मागे उभा राहिला असता. पण कॅनडाच्या भूमीवर जन्मलेलं मूल जन्मतःच ब्रिटिश प्रजाजन ठरत असे. (ते बाळ 'कॅनडाचं नागरिक' ठरलं असतं असं सर्रास लिहिलं जातं. पण कॅनडाचं स्वतंत्र नागरिकत्व १९४७ च्या १ जानेवारीपासून आलं. त्याआधी तसं काही अस्तित्वातच नव्हतं.) डच गादीचा वारस जन्माने दुसऱ्या राजाची प्रजा, हे कुणालाच परवडणारं नव्हतं.

यावर कॅनडा सरकारने तोडगा काढला तो खास वकिली डोक्याचा. डिसेंबर १९४२ मध्ये जाहीरनामा निघाला: युलियाना जिथे बाळंत होईल ती जागा, ती तिच्या वापरात असेपर्यंत, कॅनडाच्या अधिकारक्षेत्राबाहेरची मानली जाईल. रुग्णालयाचं किंवा खोलीचं नाव त्यात मुद्दाम घातलं नव्हतं. बाळंतपण कुठे होईल हे आधी कुणी सांगावं! आता यातली मेख बघा. 'ती खोली हॉलंडची भूमी झाली' असं जे सांगतात ते बरोबर नाही. खोली हॉलंडला दिली नव्हती, ती फक्त कॅनडाची राहिली नव्हती. बाळाला डच राष्ट्रीयत्व रक्ताच्या नात्याने मिळणारच होतं. मधला अडसर काढायचा होता, तेवढा काढला.

१९ जानेवारी १९४३ ला ओटावा सिव्हिक रुग्णालयात मुलगी झाली, म्हणजे वारशाचा प्रश्न उभाच राहिला नाही. जाहीरनामा मात्र इतिहासात गेला. तिचं नाव मारग्रीट ठेवलं. डेझीच्या जातीचं हे फूल जर्मन अंमलाला विरोध दाखवण्यासाठी डच लोक छातीवर लावत. म्हणजे या सगळ्या कथेतलं पहिलं फूल ट्यूलिप नाहीच. संसदेच्या पीस टॉवरवर त्या दिवशी डच झेंडा चढला. जूनमध्ये ओटावातल्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मपालकांच्या यादीत अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट होते आणि, मला सगळ्यात भावतं ते म्हणजे, डच व्यापारी जहाजांवरचे सगळे खलाशी. बोटी बुडत असताना समुद्रावर राहिलेल्या माणसांना राजघराण्याने नात्यात ओढून घेतलं होतं.

ते रुग्णालय कमिशनर्स पार्कपासून दीड-दोन किलोमीटरवर आहे. फुलं बघायला येणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात.

इकडे मायदेशात काय चाललं होतं? सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त फौजांना मदत म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप केला. जर्मनांनी बदला म्हणून पश्चिमेकडच्या शहरांचा अन्नपुरवठा तोडला. त्यात थंडी कडक आणि कोळसा नाही. त्या उपासमारीच्या हिवाळ्यात वीस हजारांच्या आसपास माणसं दगावली. लागवड बंद पडल्याने गोदामांत ट्यूलिपचे कंद पडून होते, ते लोकांनी शिजवून खाल्ले. कांद्यासारखा सोलायचा, चिरायचा, मधला पिवळट कोंब काढून टाकायचा, कारण तो बाधतो, आणि मग उकडून कुस्करायचा किंवा वाळवून दळायचा. कसं करायचं याच्या सूचना आणि पाककृतीही छापल्या जात होत्या. बागेत सेल्फी काढताना आपण ज्या फुलाशेजारी उभे असतो, त्याचा कंद अॅमस्टरडॅममधल्या एका पिढीच्या जिभेला ठाऊक आहे.

नेदरलँड्सचा मोठा भाग सोडवला तो कॅनडाच्या फौजेने. ५ मे १९४५ ला वाखेनिंगेन गावातल्या हॉटेलात कॅनडाचे जनरल चार्ल्स फोक्स यांनी जर्मन सेनापतीपुढे शरणागतीच्या अटी ठेवल्या. या मोहिमेत ७,६०० हून अधिक कॅनेडियन सैनिक गेले. त्यातले बरेचसे ग्रूसबीक आणि होल्टनच्या दफनभूमीत आहेत. ट्यूलिपची गोष्ट राजकन्येच्या बाळंतपणापाशीच थांबवली की हे सैनिक गोष्टीतून गळतात, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. भेट आली ती दोन्हींसाठी, आसऱ्यासाठी आणि या रक्तासाठीही.

१९४५ च्या शरदात नेदरलँड्सकडून एक लाख कंद ओटावाला पोचले. पुढच्या वर्षी युलियानाने स्वतःकडून २०,५०० कंद पाठवले. त्यातले काही सिव्हिक रुग्णालयाच्या आवारात लावावेत अशी इच्छा कळवली आणि दरवर्षी पाठवत राहण्याचं कबूल केलं. १९४८ मध्ये ती राणी झाली, १९८० मध्ये पायउतार झाली, पण पाठवणी थांबली नाही. आजही दरवर्षी वीस हजार कंद भेट येतात. निम्मे राजघराण्याकडून, निम्मे डच कंद उत्पादकांच्या संघटनेकडून. म्हणजे बागेतल्या लाखो फुलांपैकी भेटीची थोडीच. बाकीचे कंद कॅनडा सरकारच्या पैशाने विकत घेतलेले असतात.

एक लाख कंद आले तरी ते लावणार कोण? इथे ओटावाचं नशीब चांगलं. राजधानी नीटनेटकी करण्यासाठी फेडरल डिस्ट्रिक्ट कमिशन ही सरकारी संस्था १९२७ पासून होतीच, आणि तिच्याकडे बागा, रस्ते, माळी सगळं होतं. युद्ध संपताच पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी फ्रेंच नगररचनाकार जाक ग्रेबर यांना राजधानीचा आराखडा करायला बोलावलं. शहर मुळात लाकूड गिरण्यांचं, नदीकाठ रेल्वेच्या रुळांनी आणि धुराने भरलेला. डाउज लेकसुद्धा नैसर्गिक तलाव नव्हे. तिथे दलदल होती. १८२६ ते १८३२ या काळात कर्नल जॉन बाय यांनी रीडो कालवा खणला तेव्हा ती पाण्याखाली गेली. त्या कामावर मलेरियाने कितीतरी मजूर मेले. असं शहर देखणं करायला निघालेल्या लोकांच्या हाती नेमके तेव्हाच लाखभर ट्यूलिप पडले. १९५९ मध्ये या संस्थेची जागा नॅशनल कॅपिटल कमिशनने घेतली आणि लावणी आजही तीच करते.

तरी फुलं असणं आणि महोत्सव असणं यात फरक आहे. तो फरक भरून काढला मलाक कार्श यांनी. तुर्कस्तानातल्या मार्दिनमध्ये १९१५ मध्ये जन्मलेले हे आर्मेनियन. १९३७ मध्ये कॅनडात थोरल्या भावाकडे आले. भाऊ म्हणजे चर्चिलचा तो गाजलेला फोटो काढणारे युसुफ कार्श. भावाच्या नावाखाली झाकोळून जाऊ नये म्हणून हे नुसतं 'मलाक' एवढंच नाव लावत. भाऊ माणसांचे चेहरे टिपायचा, यांनी देश टिपला. संसदेमागच्या नदीत तरंगणाऱ्या ओंडक्यांचा त्यांचा फोटो कॅनडाच्या एक डॉलरच्या नोटेवरही आला.

मलाक दर वसंतात ट्यूलिपचे फोटो काढत आणि ते वर्तमानपत्रांतून देशोदेशी जात. १९५२ मध्ये त्यांनी ओटावाच्या व्यापारी मंडळाला सुचवलं की याचा उत्सव करा. व्यापाऱ्यांना मेमधले पर्यटक हवेच होते. १९५३ मध्ये पहिला महोत्सव भरला. कृतज्ञतेच्या कथेत व्यापारी मंडळ आणणं काहींना रुचत नाही. मला त्यात वावगं दिसत नाही. भेटीची आठवण सात दशकं टिकायची तर कुणाचा तरी रोजचा धंदा त्यात गुंतलेला लागतो. पंढरीच्या वारीलाही बाजारपेठ असतेच की.

मलाक २००१ मध्ये वारले, तोवर ट्यूलिपचे फोटो काढतच राहिले. आणखी एक योगायोग. ट्यूलिपही त्यांच्याच बाजूचा. मध्य आशियातल्या डोंगराळ भागातलं हे फूल उस्मानी बागांतून सोळाव्या शतकात युरोपात गेलं. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस यांनी लायडनच्या बागेत १५९३ मध्ये कंद लावले. तिथून ट्यूलिपच्या कंदांवरच्या १६३७ च्या त्या प्रसिद्ध सट्ट्यापर्यंतची कथा सगळ्यांना माहीत असते, आणि ती बरीचशी फुगवून सांगितली जाते.

पुढचा इतिहास चढउतारांचा. १९६७ मध्ये, कॅनडाच्या शताब्दी वर्षात, युलियाना राणी म्हणून ओटावात आली. मधल्या काळात महोत्सवाचा तंबू मेजर्स हिल पार्कमध्ये असे, तिकीट लावून गाण्याचे मोठे कार्यक्रम होत आणि फुलं मागे पडत. आता मुक्काम डाउज लेकला आहे आणि बागेत शिरायला पैसे पडत नाहीत. २००२ मध्ये मारग्रीटने इथे दोन टोप्या हवेत उंचावलेल्या माणसाच्या शिल्पाचं अनावरण केलं. त्याचा जुळा भाऊ नेदरलँड्समध्ये आपेलडोर्नला उभा आहे.

बघायला जाणार असाल तर एक लक्षात घ्या. कंद ऑक्टोबरात जमिनीत जातात. तीन-चार महिने कडाक्याची थंडी मिळाल्याशिवाय त्यांना फूल धरत नाही. थंडीची ओटावात ददात नाही. त्याच डाउज लेकवर जानेवारीत लोक स्केटिंग करतात. पण फूल कधी उघडेल हे एप्रिलच्या हवेवर ठरतं. ऊन लवकर तापलं तर महोत्सव सुरू व्हायच्या आधीच निम्मे वाफे झडायला लागतात. उशीर झाला तर पाहुणे नुसत्या कळ्या बघून परततात. म्हणून लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणाऱ्या जाती मिसळून लावतात. कंद खारींच्या तोंडून वाचवणं हे माळ्यांचं वेगळंच युद्ध.

आणि १९४५ चा एकही कंद आज इथे नाही. बहर ओसरला की कंद उपटून खतात घालतात, त्या जागी उन्हाळी फुलझाडं लावतात आणि शरदात नवे कंद येतात. ज्या वाफ्यावर युलियानाच्या भेटीची पाटी आहे, तिथलं फूलही आदल्या ऑक्टोबरात लावलेलंच असतं.