कुठल्या पिक्चरचं आहे हे? पिक्चरचं नाहीये!

गाडीत, घरी, ट्रेकला जाताना, कुठेही मी गेमचं ऑर्केस्ट्रा म्युझिक लावलं की ठरलेला प्रश्न येतो, "कुठल्या पिक्चरचं रे हे?" गेमचं आहे म्हटलं की लगेच, "अरे वा, एकदम पिक्चरसारखं वाटतंय!" बिचारे कौतुकच करत असतात त्यामुळे चिडताही येत नाही, पण आता बास झालं, एकदा नीट लिहूनच टाकतो.

पिक्चरचं पार्श्वसंगीत कसं होतं ते सगळ्यांना माहितीये. एडिटिंग झालं की संगीतकार पडद्याकडे बघत सेकंद मोजतो, हिरोने दार उघडलं की व्हायलिन चढतात, आणि ते दार दरवेळी त्याच सेकंदाला उघडतं, मग तुम्ही पिक्चर थिएटरात बघा नाहीतर बसमध्ये मोबाइलवर.

गेमचं म्युझिक यापेक्षा एकाच बाबतीत खरं वेगळं, ते पुढे सांगतो, बाकीचे फरक किरकोळ आहेत. वाद्यं तीच, लिहिणारेसुद्धा इकडून तिकडे जात असतात. मायकल जियाकिनोने १९९९ च्या मेडल ऑफ ऑनर या गेमचं म्युझिक केलं आणि मोठे पिक्चर त्याला नंतर मिळाले, उलट हान्स झिमर पिक्चरमधून २००९ ला मॉडर्न वॉरफेअर २ या गेमची थीम करायला आला. आणि गेमचं म्युझिक म्हणजे अजूनही टूं-टूं बीप-बीप असं ज्यांना वाटतं त्यांना आपला कोपरापासून नमस्कार.

खरा घोळ होतो तो वेळेचा. पिक्चरमध्ये कधी काय होणार हे आधीच ठरलेलं असतं, गेममध्ये ते तुम्ही ठरवता. तुम्ही त्या दाराशी चार सेकंदात पोचणार, की वाटेत कोंबड्यांच्या मागे पळत वीस मिनिटं घालवणार, की मध्येच कंट्रोलर ठेवून दूध उतू जातंय का बघायला जाणार, यातलं काहीच संगीतकाराला माहीत नसतं. तरी म्युझिक तुटायला नको, त्याचा वीट यायला नको, आणि राक्षस समोर आला की ते तत्क्षणी अंगावरही यायला हवं. आता लिहा!

हे मला कळलं ते गेममुळे नाही, पुरुषोत्तम करंडक या कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेमुळे. आमच्या एकांकिकेचं म्युझिक ऑपरेट करायला मी होतो. पत्र फोडायच्या प्रसंगाला एक सतारीचा तुकडा होता, तालमीत सेकंदासेकंदाला बसवलेला. प्रयोगाला भरत नाट्य मंदिरात आधीच्याच वाक्याला असा काही लाफ्टर आला की नट हातात पाकीट धरून उभाच राहिला, त्याने पॉज घेतला (बरोबरच केलं त्याने), आणि माझी सतार मात्र पत्र फुटायच्या आधीच रडून मोकळी झाली. थोडक्यात मी नाटकाला पिक्चरचं म्युझिक लावलं होतं. पुढच्या वेळी खाली नुसता तंबोरा चालू ठेवला आणि पाकीट फाटलं की मग सतार सोडली. गेमच्या म्युझिकमध्ये आत हेच चालतं, फक्त फेडरवरचं, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या खटक्यावरचं, बोट प्रोग्रामचं असतं.

यात तबला ऐकणाऱ्या पुणेकराला लगेच कळेल अशी गोष्ट म्हणजे सम, तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. राक्षस आला म्हणून चालू धून कुठेही कापून दुसरी लावली तर कानाला ठेच लागते, म्हणून सांधा बदलायला योग्य जागेची वाट बघायची. मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल या दोघांनी लुकासआर्ट्स या गेम कंपनीत आयम्यूज नावाची सिस्टिम केली ती याचसाठी, आणि १९९१ च्या मंकी आयलंड २ मध्ये ती वापरली. त्यातल्या वुडटिक गावात या घरातून त्या घरात जा, मूळ धून तीच राहते, वाद्यं आणि वळणं बदलतात, जोड कुठे मारलाय ते सापडत नाही. दुसरी युक्ती थरांची. तंतुवाद्यं, ब्रास, ढोल असे थर वेगवेगळे ठेवायचे आणि प्रसंग तापेल तसे एकेक वर चढवायचे, पण मग प्रत्येक थर दुसऱ्या प्रत्येकावर बसला पाहिजे. २०१० च्या रेड डेड रिडेम्प्शनमध्ये (ऑर्केस्ट्रा नाहीये तो, पण उदाहरण चोख आहे) यासाठी बहुतेक सगळं म्युझिक एकाच पट्टीत, ए मायनरमध्ये, आणि मिनिटाला १३० ठोके या एकाच लयीत वाजवून घेतलं होतं.

२०१२ च्या जर्नी गेममध्ये ऑस्टिन विंटरीने तर मुख्य चेलो (मोठं, खर्जातलं व्हायलिन) म्हणजे खेळणाराच धरलाय, तुम्ही वाळूत जितके पुढे जाता तितका तो उलगडत जातो. त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. पण गेमच्या म्युझिकमधून ज्याला पहिलं ग्रॅमी मिळालं ते २०११ ला, क्रिस्टोफर टिनच्या बाबा येतूला, आणि ते सिव्हिलायझेशन ४ च्या मेनूवर वाजतं! म्हणजे जिथे अजून खेळायलाच सुरुवात झालेली नाही तिथे. गाणं सुंदरच आहे, स्वाहिलीतलं, मी शंभरदा ऐकलंय, पण बक्षीस मिळालं ते सगळ्यात पिक्चरसारख्या तुकड्याला याचं मला अजून हसू येतं.

मग लोक याच्या एवढे प्रेमात का पडतात, तर माझ्या मते म्युझिक तुमच्यासाठी थांबलेलं असतं म्हणून. स्कायरिम गेमची जेरेमी सोलने केलेली बर्फातली संथ धून लागली की मला कुठला सीन आठवत नाही, सबमिशन तोंडावर असताना रात्री दोनला वाट चुकून मी डोंगराला वळसे घालत होतो आणि खोलीतला पंखा कुरकुरत होता, ते आठवतं.

म्हणून अल्बम ऐकताना माझी थोडी चिडचिडच होते. गेममध्ये तासभर न संपणारी धून तिथे दोनदा वाजवून हळूच विझवून टाकतात. कॉन्सर्टमधल्या मेडलीही मला नकोत, दीड मिनिट हे, दीड मिनिट ते, नुसती मिसळ. २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला देशोदेशींचे संघ ड्रॅगन क्वेस्ट आणि फायनल फँटसीच्या म्युझिकवर चालत आले तेव्हा मात्र मी सोफ्यावर उभा राहिलो होतो, खोटं कशाला बोलू. आणि कोरस ओरडला, ढोल बडवले की त्याला एपिक म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आमच्या काकांना मात्र काही समजवायला लागलं नाही. काका दरवर्षी सवाईला, म्हणजे पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जाणारे, तो रमणबागेत व्हायचा तेव्हाही जायचे आणि आता मुकुंदनगरला होतो तरी जातात. मी झेल्डाचा ऑकारिना ऑफ टाइम खेळत होतो, १९९८ चा, त्यात खरा ऑर्केस्ट्रा नाही पण कोजी कोंडोने लिहिलंय ते ऑर्केस्ट्राच्याच थाटात. त्यातल्या हायरूल फील्ड या माळरानात अजून घोडा मिळालेला नव्हता, पायीच तुडवत चाललो होतो. तिथलं म्युझिक आठ-आठ बारच्या (एक बार म्हणजे चार मात्रा) तुकड्यांचं आहे, ते तुकडे उलटसुलट क्रमाने लागतात, उभे राहिलात तर शांत तुकडे येतात, शत्रू जवळ आला तर लढाईचे. काका मागे पेपर वाचत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, मगापासून तेच वाजतंय, पण तेच नाहीये."

मी नुसती मान हलवली.

"लेहरा धरल्यासारखं आहे. तबला कुठाय?"

लेहरा म्हणजे तबलजीसाठी मागे परत परत वाजवत राहतात ती धून. मी कंट्रोलर वर करून दाखवला. मग ते टीपॉयवर बोटांनी तीनताल धरून बसले. आठ बार म्हणजे बत्तीस मात्रा, बरोब्बर दोन आवर्तनं, नवा तुकडा आला की त्यांची मान समेवर पडायची. एवढ्यात गेममध्ये दिवस मावळला, लांडगा ओरडला, आणि तिथे रात्री म्युझिक बंदच होतं तसं ते बंद झालं. काकांची बोटं टीपॉयवर तशीच राहिली.

"हे काय, भैरवी न घेताच उठले?"