सरन्यायाधीशांचं मत एक, पण रोस्टर त्यांच्या हाती

नागपूरच्या हायकोर्टात वकिली केलेले तिघे देशाचे सरन्यायाधीश झाले: मोहम्मद हिदायतुल्ला, शरद बोबडे आणि भूषण गवई. गवई मे ते नोव्हेंबर २०२५ असे जेमतेम सहा महिने त्या पदावर होते. सहा महिन्यांत माणूस काय करणार, असं कुणी विचारलं, तर आधी या पदाची ताकद कशात आहे ते पाहावं लागतं.

निकालात सरन्यायाधीशांचं मत इतर न्यायमूर्तींइतकंच, म्हणजे एक. ऑगस्ट २०१७ मध्ये तिहेरी तलाकच्या खटल्यात सरन्यायाधीश खेहर ३ विरुद्ध २ असे अल्पमतात गेले. खरी सत्ता असते ती कोणतं प्रकरण कोणत्या पीठापुढे लागणार, हे ठरवण्यात. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीशांसह ८ पदं होती, २०१९ मध्ये ती ३४ झाली. दोन-दोन, तीन-तीन न्यायमूर्तींची पीठं वाढली, तसं रोस्टरचं, म्हणजे प्रकरणांच्या या वाटपाचं, वजनही वाढलं. हा अधिकार राज्यघटनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही. तो न्यायालयाच्या नियमांतून आणि परंपरेतून आला. १२ जानेवारी २०१८ रोजी चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेतली, तेव्हा प्रकरणांच्या वाटपाची तक्रारच मुख्य होती. त्याच वर्षी न्यायालयाने मात्र ‘मास्टर ऑफ द रोस्टर’ सरन्यायाधीशच, असं पुन्हा बजावलं.

न्यायाधीशांच्या नेमणुकांचा प्रवास तर घटनाकारांनी ठरवलं त्याच्या उलट्या दिशेने झाला. न्यायाधीश नेमताना सरन्यायाधीशांची संमती हवी, ही सूचना डॉ. आंबेडकरांनी २४ मे १९४९ रोजी घटना समितीत नाकारली होती. सरन्यायाधीशही शेवटी माणूसच, असा त्यांचा मुद्दा होता. पण १९७३ मध्ये सरकारने तिघा ज्येष्ठांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केल्यावर अविश्वास रुजला आणि १९९३ च्या निकालाने कॉलेजियम आलं, म्हणजे सरन्यायाधीश आणि ज्येष्ठ न्यायमूर्तींनीच नेमणुका ठरवण्याची पद्धत. माझ्या मते आंबेडकरांची शंका अजूनही जुनी झालेली नाही.

पद कसं सांभाळावं, यासाठी मला हिदायतुल्लाच आठवतात. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, १९५४ पासून इथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली, ते जबलपूरला गेले आणि नागपुरात मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ उरलं. १९६८ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. पुढच्या वर्षी झाकीर हुसेन यांचं निधन झालं, हंगामी राष्ट्रपती गिरी यांनीही राजीनामा दिला, आणि २० जुलैपासून महिनाभर हिदायतुल्लांनीच राष्ट्रपतिपदाचं काम पाहिलं. त्याच काळात बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यावर त्यांची सही झाली. तो कायदा न्यायालयात आव्हानाला आला, तेव्हा ११ न्यायमूर्तींच्या पीठावर ते नव्हते; प्रमुख होते जे. सी. शहा. संस्थानिकांच्या तनख्यांच्या खटल्यात मात्र ११ जणांच्या पीठाचे प्रमुख हिदायतुल्लाच होते. निकाल लागला १५ डिसेंबर १९७० ला. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले.