किनेआ उत्सवाची मुद्राचित्रे

अठराव्या शतकात रोममध्ये संत पीटर व संत पॉल यांच्या सणाच्या पूर्वसंध्येला (28 जून) व सणाच्या रात्री दारूकामासाठी जे भव्य देखावे उभारत, त्यांची ताम्रपटावरून छापलेली चित्रे. निमित्त खंडणीचे: नेपल्सच्या राजातर्फे पोपला दरवर्षी 7,000 डुकाट (सोन्याची नाणी) आणि एक पांढरी घोडी (किनेआ) खंडणी म्हणून जाई. ती रोममधील कोलोन्ना घराण्याचा प्रमुख राजाचा राजदूत म्हणून वाजतगाजत नेई. या खंडणीचा उगम सामान्यतः नेपल्सवरील तेराव्या शतकातील आंजू या फ्रेंच घराण्याच्या राजवटीत दाखवतात. तिचे पुढील ठरीव स्वरूप मात्र टप्प्याटप्प्याने आले असावे. चित्रमालिका 1722 पासून मिळते. 1788 मध्ये नेपल्सने प्रथा बंद केली.

नव-अभिजात (प्राचीन ग्रीक-रोमन धर्तीच्या) शैलीच्या इतिहासात 1740 नंतरच्या चित्रांना वेगळे वजन आहे. रोममधील फ्रेंच अकादमीत राहणाऱ्या ल लोरँ (1740 चे दशक) व पेतितो (1749) यांच्या देखाव्यांत बरोक शैलीतील ढग व वळणे मागे पडून सलग स्तंभरांगा, सपाट भिंती, वर्तुळाकार मंदिरे येतात. हे वळण कोणामुळे आले यावर मतभेद आहेत. एका मताने त्याचे श्रेय ल ज्ये या वास्तुकाराला द्यावे. पण त्याच्या छापील मालिका 1760 च्या दशकाच्या उत्तरार्धातील असल्याने त्या आधीच्या रेखाटनांवर आधारलेल्या होत्या असे गृहीत धरावे लागते. रोममधील कोरीव चित्रकार पिरानेसी याची वास्तुकल्पनाचित्रे 1743 मध्येच छापली गेली होती. त्यामुळे पिरानेसी आणि अकादमीतील तरुण मंडळी यांच्या देवघेवीतून ही शैली घडली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

चित्रात दगडी स्मारक दिसले, तरी प्रत्यक्षात लाकडी सांगाडा, ताणलेले कापड, कागदाचा लगदा आणि संगमरवरासारखा रंग एवढेच असे. छपाईचा तांब्याचा पत्रा उत्सवाआधी तयार करून प्रती पाहुण्यांत वाटत. म्हणून चित्र योजलेला देखावा सांगते, उभा राहिलेला नव्हे. त्यावरून मापे काढू नयेत. पायथ्याशी माणसे मुद्दाम बारीक काढलेली असतात. पुरुषांच्या तलवारी उजव्या कमरेला दिसल्या, तर छाप आरशातल्यासारखी उलटी येते हे न धरता रेखाटन तसेच पत्र्यावर उतरवल्याची शंका घ्यावी. देखावा सममित असल्याने एरवी ही उलटापालट लक्षात येत नाही.

खालचा मजकूर आधी वाचावा. त्यात पहिला की दुसरा देखावा, विषय, राजदूताचे नाव व तारीख असते. कोपऱ्यांतील ‘इन्व.’, ‘देल.’, ‘इन्च.’ ही संक्षिप्त रूपे अनुक्रमे कल्पक, रेखाटनकार व कोरणारा दर्शवतात. शतकाच्या उत्तरार्धात अनेकदा ही कामे पाओलो पोझी, जुझेप्पे पालाझ्झी व जुझेप्पे वाझी यांच्यात विभागलेली दिसतात. तिसऱ्याचेच नाव ठळक ओळखीचे असल्याने सूचींमध्ये सगळे श्रेय वाझीला जाते, ही नेहमीची चूक. प्रत चौकटीपर्यंत कापलेली असली की हा मजकूरच जातो. मग कोलोन्नांचे स्तंभचिन्ह फक्त घराणे सांगते, साल नाही. राजदूत कोलोन्नाचे नाव शिल्लक असल्यास काळ आखता येतो: फाब्रीत्सियो 1755 पर्यंत, त्यानंतर लोरेन्झो.