दुवा कोणी दिला, आणि का?

2003 सालच्या अखेरीस गूगलवर 'मिझरेबल फेल्युअर', म्हणजे 'दारुण अपयश', असं शोधलं की सर्वांत वर व्हाइट हाउसच्या अधिकृत संकेतस्थळावरचं एक पान यायचं. पान होतं तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या चरित्राचं. गंमत अशी की त्या पानावर हे दोन शब्द कुठेच नव्हते. ते होते भलत्याच लोकांच्या पानांवर. काही ब्लॉगलेखकांनी ठरवून आपापल्या ब्लॉगवर हे शब्द लिहिले आणि त्यांवर क्लिक केलं की चरित्र उघडेल अशी लिंक जोडली. शोधयंत्राने त्यांची साक्ष खरी मानली. 2007 च्या जानेवारीत गूगलने आपल्या प्रणालीत बदल करून हा प्रकार आटोक्यात आणला.

दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून आपल्या पानाकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. ज्या शब्दांवर ती जोडलेली असते त्यांना अँकर टेक्स्ट म्हणतात. एखादं पान स्वतःबद्दल काय सांगतं एवढंच शोधयंत्र वाचत नाही. इतर लोक त्या पानाकडे कोणत्या शब्दांत बोट दाखवतात, हेही ते वाचतं. वरच्या प्रसंगात एवढ्या एकाच गोष्टीचा गैरफायदा घेतला गेला होता.

लिंकवर इतका भरवसा ठेवण्यामागे कारण होतं. सुरुवातीची शोधयंत्रं मुख्यतः पानावरचे शब्द पाहायची, त्यामुळे तोच शब्द शेकडो वेळा लिहिणारे पुढे जायचे. काही जण तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्द दडवून ठेवायचे. स्वतःची स्तुती स्वतः करायला खर्च येत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या विद्यार्थ्यांनी 1996 च्या सुमारास वेगळी वाट धरली. त्यांच्या प्रकल्पाचं नावच 'बॅकरब' होतं, बॅकलिंकवरून घेतलेलं. वैज्ञानिक शोधनिबंधांचं वजन मोजताना त्याचा उल्लेख इतर किती निबंधांनी केला हे पाहण्याची पद्धत तेव्हा रुळलेली होती. युजीन गारफील्ड यांची उल्लेखसूची 1964 पासून प्रसिद्ध होत होती. पेज आणि ब्रिन यांनी हाच विचार वेबला लावला, पण एक महत्त्वाची भर घातली. सगळे उल्लेख सारखे मोजायचे नाहीत. वजनदार पानाने दिलेली लिंक जास्त वजनाची.

इथे एक पेच पडतो. माझ्या पानाचं वजन मला लिंक देणाऱ्यांच्या वजनावर ठरणार, आणि त्यांचं वजन त्यांना लिंक देणाऱ्यांच्या. मग मोजायला सुरुवात कुठून करायची? उत्तर गणिताच्या दृष्टीने मला फार देखणं वाटतं: कुठूनही करा. सगळ्या पानांना आधी सारखं वजन द्या. मग प्रत्येक पानाला आपलं वजन, ते ज्यांना लिंक देतं त्या पानांत समान वाटू द्या. नव्याने आलेल्या वजनांवर तीच वाटणी पुन्हा करा, आणि पुन्हा. हळूहळू आकडे बदलायचे थांबतात. 32 कोटी 20 लाख लिंकच्या जाळ्यावर ही आवर्तनं सुमारे 52 वेळा केल्यावर आकडे पुरेसे स्थिरावले, असं त्यांनी नोंदवलं आहे. या पद्धतीचं नाव पेजरँक.

वाटणी हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. समजा एका पानाचं वजन 100 आहे आणि त्यावर दोनच लिंक आहेत. दुसऱ्याचं वजन 1000 आहे, पण त्यावर 500 लिंक आहेत. मूळ सूत्रात दर टप्प्यावर 0.85 ने गुणलं जातं, कारण वाचक दरवेळी लिंकवरच क्लिक करेल असं नाही, कधीतरी तो सगळं सोडून दुसरीकडेच जाईल. त्या हिशोबाने पहिल्या पानाकडून आपल्याला 42.5 मिळतात आणि दुसऱ्याकडून 1.7. पान दसपट वजनदार असूनही त्याची लिंक कितीतरी हलकी. शेकडो संकेतस्थळांच्या नुसत्या याद्या असलेल्या पानांवरून मिळालेल्या लिंक फारशा उपयोगी का पडत नाहीत, त्याचं एक कारण या भागाकारात आहे.

आजची प्रणाली अर्थातच या सूत्राच्या फार पुढे गेली आहे. गूगलने 2004 मध्ये अर्ज केलेल्या आणि 2010 मध्ये मंजूर झालेल्या एका पेटंटमध्ये समान वाटणीही सोडलेली दिसते. वाचक ज्या लिंकवर क्लिक करण्याची शक्यता जास्त, तिला जास्त वाटा. लेखाच्या ओघात, विषयाला धरून आलेली लिंक एकीकडे आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकलेली लिंक दुसरीकडे, असा हा फरक.

मराठीत 'दुवा' या शब्दाला दोन अर्थ आहेत: जोडणारी कडी आणि आशीर्वाद. बॅकलिंकच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात असं मला नेहमी वाटतं. लिंक देणारा वाचकाला आपल्या पानावरून दुसरीकडे पाठवतो. ते त्याने मनापासून केलं असेल तर ती शिफारस, आणि शोधयंत्राला मोजायची असते ती हीच. अडचण एवढीच की मनापासून दिलेली आणि पैसे घेऊन दिलेली लिंक संगणकाच्या भाषेत अगदी सारखी दिसते.

म्हणून पहिला उपाय झाला खुणेचा. 2005 च्या जानेवारीत गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून 'नोफॉलो' ही खूण आणली. वाचकांच्या प्रतिक्रियांमध्ये यंत्राने टाकलेल्या जाहिरातींच्या लिंकचा तेव्हा पूर आला होता. खूण असलेली लिंक वाचकाला वापरता येते, पण तिला शिफारस मानू नये असा तिचा अर्थ. 2019 मध्ये गूगलने आणखी दोन खुणा आणल्या, पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातल्या लिंकसाठी 'यूजीसी'. तेव्हापासून या तिन्ही खुणांकडे आज्ञा म्हणून न पाहता सूचना म्हणून पाहिलं जातं. शोधयंत्र ती मानेल किंवा मानणारही नाही.

खुणा लावायला प्रामाणिकपणा लागतो, तो सगळ्यांकडे नसतो. 2011 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सने जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीकडे येणाऱ्या हजारो लिंक उघडकीस आणल्या. त्या विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या पानांवर होत्या. या लिंक आपण लावल्या नाहीत, असं कंपनीने सांगितलं. गूगलने कारवाई केली आणि प्रवासी बॅगांच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावर असलेलं तिचं पान दोन तासांत 71 व्या क्रमांकावर गेलं.

ही कारवाई माणसांनी केली होती. पुढच्या वर्षी, 24 एप्रिल 2012 रोजी, 'पेंग्विन' ही प्रणाली आली आणि तेच काम यंत्राकडे गेलं. बनावट लिंक ओळखायला अँकर टेक्स्ट फार उपयोगी पडतं. लोक आपणहून लिंक देतात तेव्हा शब्द विस्कळीत असतात. कोणी संकेतस्थळाचं नाव लिहितं, कोणी पत्ताच चिकटवतं, कोणी नुसतं 'इथे वाचा' म्हणतं. विकत घेतलेल्या लिंकमध्ये मात्र ग्राहक जे शोधतील तेच शब्द जिकडेतिकडे जसेच्या तसे येतात. शंभर साक्षीदार एकच वाक्य शब्दशः बोलू लागले तर कोणालाही संशय येईल.

2016 पासून पेंग्विन मुख्य प्रणालीचाच भाग झाला आणि त्याचा रोखही बदलला. बनावट लिंकमुळे सगळं संकेतस्थळ खाली ढकलण्यापेक्षा त्या लिंकचं वजन शून्य धरायचं, असं आता बहुतेकदा होतं. त्यामुळे अनोळखी, कचरा पानांवरून आपल्याकडे लिंक आलेल्या दिसल्या तर घाबरून जाऊ नये. त्या नाकारण्याचं साधन गूगलने 2012 मध्येच दिलं आहे, पण बहुतेकांना त्याची गरज पडत नाही असं गूगलच सांगतं. ज्यांनी स्वतः लिंक विकत घेतल्या त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यावर आजही माणसांकडून कारवाई होऊ शकते. आणि वेगवेगळ्या कंपन्या संकेतस्थळांना 'ऑथॉरिटी'चे, म्हणजे वजनाचे, जे गुण देतात, ते त्यांचे स्वतःचे अंदाज असतात. गूगलने आपला पेजरँकचा आकडा लोकांना दाखवणं 2016 मध्येच बंद केलं.

नव्या लिंकच्या मागे धावण्याआधी जुन्या लिंककडे पाहावं, असं मी कळकळीने सुचवेन. संकेतस्थळाची रचना बदलली की पानांचे पत्ते बदलतात, आणि कोणी वर्षांपूर्वी मनापासून दिलेली लिंक 'पान सापडलं नाही' या सूचनेवर जाऊन आदळते. गूगल सर्च कन्सोल या संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या साधनातल्या लिंकच्या अहवालात आपल्या कोणत्या पानांकडे बाहेरून लिंक येतात ते दिसतं. त्यातली हरवलेली पानं शोधून जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचं पुनर्निर्देशन करावं. अशा वळवण्यात लिंकचं वजन घटत नाही, असं गूगलने 2016 मध्ये स्पष्ट केलं आहे. फक्त वळवायचं ते त्याच मजकुराच्या नव्या पानाकडे. सगळे जुने पत्ते मुखपृष्ठाकडे वळवले, तर शोधयंत्र ती पानं हरवलेलीच धरू शकतं.